दीसा हालग्रेनचं हॉर्न

दीसा हालग्रेनचे ओठ जाड होते. शाळेत पोरं तिला ‘कॉड मासळी’ म्हणून चिडवायची. घरी आली की ती आरशासमोर उभी राहून खालचा ओठ दातांखाली दाबून धरायची, म्हणजे तो बारीक दिसेल. तिचा बाप स्वीडनमधल्या ओलांड बेटावरच्या चुनखडीच्या खाणीत कामाला होता. बोलणं बेताचं. “ओठ जाड आहेत म्हणून जेवण कमी जातं का?” एवढंच त्यानं एकदा विचारलं आणि विषय तिथेच मिटवला.

गावातल्या बँडमध्ये नाव घालायला ती गेली तेव्हा तिला बासरी हवी होती. बँडमास्तरनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, “या ओठांवर बासरी वाया जाईल. हिला हॉर्न द्या.” कपाटाच्या तळातून पोचे आलेलं एक जुनं हॉर्न निघालं. लांबलचक पितळी नळीचं वेटोळं, तोंड मागच्या बाजूला उघडणारं, आणि वाजवणाऱ्याचा उजवा हात त्या तोंडात खुपसलेला. साऱ्या पितळी वाद्यांत हेच सर्वांत बेभरवशाचं. ओठ केसभर सरकला की सूर घसरलाच. दीसाचा घसरला नाही. पहिल्याच आठवड्यात तिनं असा एक सूर काढला की मास्तर खिडकी लावायला उठला होता तो तसाच उभा राहिला.

त्या दिवसापासून ओठ दाबून धरणं बंद झालं.

पंचविशीच्या आतच ती सामुद्रधुनीपलीकडे काल्मार शहरातल्या वाद्यवृंदात पहिल्या, म्हणजे मुख्य, हॉर्नच्या खुर्चीवर बसली. टोर्केल नावाच्या सुताराशी लग्न केलं. तो लोकांची स्वयंपाकघरं बांधून द्यायचा, आणि आपल्या घरातल्या कपाटाचं दार मात्र एका बिजागरीवर लोंबकळत ठेवायचा. मूलबाळ झालं नाही. दोघं त्याबद्दल फार बोलले नाहीत. सकाळी तालीम, दुपारी गाढ झोप, संध्याकाळी बंदरापर्यंत फेरी, शनिवारी बटाट्याच्या गोळ्यांत डुकराचं मांस भरून केलेले क्रोपकाकोर. आयुष्य सरळ चाललं होतं.

मग एका हिवाळ्यात रूरिक आला.

रूरिक फिनलंडच्या किनाऱ्यावरचा, स्वीडिश बोलणाऱ्यांपैकी. हडकुळा, चाळिशीला आलेला, खोलीतही लोकरी टोपी न काढणारा. ‘हिवाळ्याचं फाटक’ नावाच्या एका कॉम्प्युटर गेमसाठी त्यानं अडीच तासांचं संगीत लिहिलं होतं आणि ते खऱ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घ्यायला तो काल्मारला आला होता.

“झालं,” ट्रॉम्बोनवाला इंगेमार मोठ्यानं म्हणाला, “लग्नं झाली, मयतं झाली, आता कॉम्प्युटरमधल्या भुतांसाठी वाजवायचं तेवढं राहिलं होतं.”

सगळे हसले. रूरिकही हसला, पण त्याचे कान लाल झाले.

खेळाची गोष्ट अशी होती. राज्यातून हाकललेली एक राणी. तिच्याजवळ ना सैन्य ना घोडा. बर्फातून चालत तिला डोंगरापलीकडच्या फाटकापर्यंत जायचं असतं, आणि खेळणाऱ्यानं तिला न्यायचं असतं. वाटेत लांडगे, दरोडेखोर, खोटे मित्र. आणि सुरुवातीलाच, पडद्यावर बर्फाशिवाय काही नसताना, एकटं हॉर्न वाजतं. मागे वाद्यवृंद नाही, काही नाही. साधी सुरावट होती. दीसानं ती पहिल्याच फेरीत बिनचूक वाजवली.

रूरिक ध्वनिमुद्रणाच्या खोलीतून, काचेमागून बाहेर आला. “पुन्हा घेऊ या?”

तिनं पुन्हा वाजवली. मग पुन्हा. बाकीचे घड्याळाकडे बघायला लागले.

“सूर चुकतोय का?” दीसानं शेवटी विचारलं.

“नाही, नाही. सूर उत्तम आहे.” त्यानं टोपी आणखी खाली ओढली. “पण तू वाजवतेयस ती जिंकणारी राणी आहे. माझी राणी हाक मारतेय. आणि तिकडे ओ द्यायला कुणी नाहीये.”

“तिला माहीत आहे का ते? कुणी नाही म्हणून?”

“आहे.”

“मग हाक कशाला मारते?”

रूरिकनं विचार केला. “मारते खरी,” तो म्हणाला. “का ते मलाही नाही सांगता येणार.”

दीसाला तिचा बाप आठवला. शेवटच्या वर्षांत त्याची स्मृती गेली होती. अंधारून आलं की तो अंगणातल्या दगडी कुंपणाशी उभा राहायचा आणि दीसाच्या आईला हाक मारायचा. “एब्बा! ए एब्बा!” आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. हाकेत घाई नसायची, रडणं नसायचं. गुरं घरी बोलवावीत तशी हाक. दीसा स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत राहायची.

तिनं हॉर्न उचललं आणि तसं वाजवलं.

सूर विरला. व्हायोलिनवाल्यांपैकी एकीनं नाक ओढलं. काचेमागे रूरिकनं टोपी काढून हातात धरली होती.

“भुतांचं काही खरं नाही बाबा आता,” इंगेमार हळूच म्हणाला, पण या वेळी कुणी हसलं नाही.

ते सगळं झालं आणि दीसा विसरूनही गेली. पुढच्या शरदात दुकानातली गल्ल्यावरची मुलगी दुधाची पिशवी यंत्रावरून फिरवताना काहीतरी गुणगुणत होती. दीसा थबकली. “हे काय गातेस?” “अय्या, तुम्हाला नाही माहीत? हिवाळ्याचं फाटक! माझा भाऊ तर गजराला हेच लावतो.” दीसानं पिशवी उचलली आणि घरी आली. ते मीच वाजवलंय, हे म्हणायचं तिला सुचलंच नाही.

मग मात्र वेगानं पसरलं. ब्राझीलहून, कोरियाहून माणसं तिला लिहायला लागली. कुणी त्या सुरावटीवर लग्नाच्या मांडवात पाऊल टाकलं होतं, कुणी बापाची राख समुद्रात सोडली होती. टोर्केलनं तो खेळ विकत आणला आणि एक अख्खा हिवाळा पहिल्याच पुलावर लांडग्यांच्या हातून मरण्यात घालवला.

“पुन्हा खाल्लं?” दीसा स्वयंपाकघरातून विचारायची.

“हे लांडगे माझ्यावरच खार खाऊन आहेत. आणि मेलो की तू वाजवतेस वर!”

“मग मरू नकोस.”

“मरायला काही वाटत नाही गं. पण प्रत्येक वेळी तू असं वाजवतेस की वाटतं, आपण खरंच गेलो.”

ती वर्षं चांगली होती. चांगली अशी तेवढीच.

ओठाच्या दुखण्याची सुरुवात कधी झाली ते दीसाला नक्की सांगता आलं नसतं. एकदा तालमीत, हळू आणि लांब धरायच्या सुरावर, ओठाचा डावा कोपरा आपसूक वर ओढला गेला. फट पडली, हवा सुटली, सूर थरथरला. थकवा असेल, ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. जोरात वाजवताना काही नाही. हळू वाजवायला गेलं की कोपरा उचललाच. तिनं सराव वाढवला. दुपारची झोप सोडली. तळघरात दार लावून ती तेवढा एकच सूर घोटायची. जितकं घोटावं तितकं बिघडत होतं.

लिनशॉपिंग शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या चेहऱ्यावर तारा चिकटवून तिला वाजवायला लावलं. पडद्यावरच्या रेघा बघत त्या म्हणाल्या, “ओठ ठणठणीत आहेत तुमचे. मेंदू त्यांना चुकीचा निरोप धाडतोय. एकच हालचाल लाखो वेळा केलेल्या माणसांना होतं असं. लेखनिकांच्या बोटांना होतं, पियानोवाल्यांना होतं.”

“औषध?”

“इंजेक्शनं आहेत. पण त्यानं ओठ ढिला पडतो. जेवायला चालेल, हॉर्नला नाही.”

“आणि विश्रांती घेतली तर?”

बाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. “मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही.”

गाडीत टोर्केल वाट बघत होता. तिनं सांगितलं. त्यानं गाडी चालू केली, बंद केली, पुन्हा चालू केली. “मग सांगून टाकू वाद्यवृंदात,” तो म्हणाला.

“इतक्यात नको.”

“इतक्यात म्हणजे कधी?”

तिनं सीटबेल्ट लावला.

पहिल्या हॉर्नच्या शेजारी एक मदतनीस बसतो. मोठ्या कार्यक्रमात पहिल्याला दम घेता यावा म्हणून तो अधूनमधून त्याच्या वाटणीचं वाजवतो. दीसाच्या शेजारी योआर बसायचा. तिशीतला, दांडगा, उत्तरेकडच्या खाणगावातून आलेला. गालावर भाजल्याचा डाग, आणि जीभ तिखट. तो दीसाला ‘राणीसाहेब’ म्हणायचा. एका तालमीत लांब, हळू सूर जवळ यायला लागला तसा त्यानं काही न विचारता हॉर्न उचललं आणि तो वाजवून टाकला. मधल्या सुट्टीत कॉफीच्या मशिनपाशी त्यानं तिला गाठलं.

“केव्हापासून?”

“काय केव्हापासून?”

“राणीसाहेब, मी तुझ्या कुशीला बसतो. माझ्यापासून लपवायचं तर खुर्ची उचलून दुसऱ्या गावी न्यावी लागेल.”

दीसानं कप मशिनवर ठेवला. तिनं सगळं सांगितलं. योआर ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, “ठीक आहे. हळू ते माझं, जोरात ते तुझं. कुणाच्या बापाला कळणार नाही.”

हॉर्नचं तोंड मागे असतं. सूर आधी मागच्या भिंतीवर आदळतो आणि मग पुढे येतो. शेजारी बसलेल्या दोघांपैकी फुंकतंय कोण, हे समोरच्याला कळायला मार्ग नसतो. तसंच चालत राहिलं. मागच्या ओळीतल्यांना कळलं होतं, पण काल्मारमध्ये माणसं दुसऱ्याच्या दुखण्यात न विचारता हात घालत नाहीत. इंगेमारनं एकदा तिच्या खुर्चीवर मधाची बाटली ठेवली. ओठाला लाव, म्हणाला. बस्स.

खेळाला दहा वर्षं झाली. रूरिक आता मोठा माणूस होता. त्याच्या संगीताचे कार्यक्रम देशोदेशी व्हायचे. पण दहा वर्षांचा सोहळा, त्याचा हट्ट, जिथे ते जन्मलं तिथेच व्हायचा. काल्मारचं बर्फाच्या हॉकीचं स्टेडियम ठरलं. पोस्टरवर त्याच्या नावाखाली मोठ्या अक्षरांत: मूळ हॉर्नवादक दीसा हालग्रेन.

“तू सांग त्याला,” टोर्केल म्हणाला. “आज, आत्ता फोन कर.”

तिनं फोन केला. पण रूरिकचा आवाज इतका आनंदलेला होता, जपानहून माणसं विमानं करून येताहेत हे तो असा सांगत होता, की तिच्या तोंडून निघालं, “हो, तयारी चालू आहे.”

आणि दैवाची मस्करी अशी, की तालमीत ओठानं ऐकलं. पूर्ण सुरावट, अगदी शेवटच्या हळू सुरापर्यंत, न थरथरता निघाली. दीसाच्या डोळ्यांत पाणी आलं. योआरनं गुडघ्यावर हात आपटला. घरी तिनं टोर्केलला मिठी मारली. “बघ, बघ!” ती म्हणत राहिली. त्या संध्याकाळी दोघं बंदरापर्यंत चालत गेले आणि येताना त्यांनी आइस्क्रीम खाल्लं.

कार्यक्रमाच्या दिवशी स्टेडियम खच्चून भरलं. कुणी झगे घातले होते, कुणी लाकडी तलवारी कमरेला लावल्या होत्या, एका म्हातारीनं डोक्यावर हरणाची शिंगं बांधली होती. दिवे गेले. पडद्यावर बर्फ पडायला लागलं. कॅमेरा दीसाच्या चेहऱ्यावर आला आणि तो चेहरा घराएवढा होऊन सगळ्यांच्या डोक्यावर उभा राहिला.

दीसानं हॉर्न ओठाला लावलं, आणि सूर निघायच्या आधीच ओठाचा कोपरा उचलला गेला.

तिनं ओठ दाबला. तो पुन्हा उचलला गेला. वाद्यवृंदाच्या संचालकाचा हात वर होता.

“तू,” ती ओठ न हलवता म्हणाली.

योआरनं वाजवलं. त्यानं दहा वर्षं तिच्या शेजारी बसून तिचं वाजवणं ऐकलं होतं. तिचा दम कुठे लांबतो, सूर कुठे जरा थांबून खाली येतो, सगळं त्याच्या हाडात मुरलं होतं. दीसाची बोटं सवयीनं चाव्यांवर फिरली, छाती वरखाली झाली. तिच्या गालावरून पाणी वाहायला लागलं आणि पडद्यावर ते पाणी सगळ्या स्टेडियमनं पाहिलं. माणसं हुंदके देऊन रडली.

संपल्यावर लोक उठून उभे राहिले. संचालकानं दीसाला उभं राहायची खूण केली. ती बसून राहिली. टाळ्या थांबेनात. शेवटी योआरनंच तिच्या कोपराला धरून तिला उठवलं. “वाक,” तो म्हणाला. “वाक गं बाई, नाहीतर रात्रभर चालेल हे.” ती वाकली.

रूरिक धावत आला आणि त्यानं तिला कवटाळलं. “त्या दिवसापेक्षाही सुंदर!” तो म्हणाला. “त्या दिवशी तू वाजवलं होतंस. आज तू रडलीस.”

बाहेर माणसांची रांग लागली होती. त्यात जर्मनीहून आलेली एक बाई होती. तिचा भाऊ दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होता तेव्हा त्यानं कानाला फक्त हेच लावून ठेवलं होतं. “तुमचा हात एकदा हातात घेऊ?” तिनं विचारलं. दीसानं हात दिला. रांगेच्या पलीकडे योआर हॉर्नची पेटी पाठीला अडकवून सायकलचं कुलूप काढत होता.

त्या सुरावटीची ध्वनिचित्रफीत जगभर गेली. असं कुणी वाजवूच शकत नाही, लोक म्हणाले. रूरिकनं तिला ओस्लोला, कोलोनला, लंडनला बोलावलं. तब्येत, तिनं सांगितलं. वय झालं की माणसं नखरे करायला लागतात असं रूरिकला वाटलं असावं. त्याचे फोन हळूहळू कमी झाले.

योआरनं पुढच्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या वाद्यवृंदात पहिल्या हॉर्नच्या जागेसाठी परीक्षा दिली. शेवटच्या फेरीपर्यंत पोचला. काल्मारला परतला तेव्हा तो थेट दीसाच्या घरी आला आणि दारातच हसायला लागला.

“काय म्हणाले ऐक, राणीसाहेब. सूर सुरेख आहे, म्हणाले. पण हालग्रेनची नक्कल फार करतोस. त्या बाईचा कार्यक्रम ऐकून ऐकून पाठ केलेला दिसतोय. तुझं स्वतःचं काय?”

तो हसत राहिला. टोर्केलनं त्याच्यासाठी खुर्ची ओढली. तो बसला आणि मग हसला नाही.

“मी सांगते सगळ्यांना,” दीसा म्हणाली. “उद्याच सांगते.”

“काय सांगशील?”

“की ते तू वाजवलंस.”

“आणि माझं नाव कशाशी जोडलं जाईल? लबाडीशी. त्या जर्मन बाईला काय सांगणार? चुकीचा हात धरलास म्हणून?” त्यानं गालावरचा डाग चोळला. “हळू ते माझं, असं मीच म्हणालो होतो. ते मान्य. पण त्या दिवशी तू ‘तू’ म्हणालीस. विचारलं नाहीस.”

“वेळ कुठे होता रे!”

“नव्हता,” योआर म्हणाला. “तेच तर. वेळ नव्हता.”

कॉफी तशीच टाकून तो गेला.

दीसानं तरी रूरिकला फोन केला. सगळं सांगितलं, ओठ, डॉक्टरीणबाई, योआर. मग रूरिक म्हणाला, “हे आणखी कुणाला सांगितलंस?” आणि नंतर, “नको सांगूस. विनंती समज. त्या खेळात लोकांनी काय काय ठेवलंय ते तुला माहीत नाही.” त्यानं तिच्या ओठाची चौकशी केली. मनापासून केली. पण तेवढीच.

तिनं वाद्यवृंद सोडला. निरोपाच्या समारंभात तिच्या अमर सुराबद्दल भाषण झालं, फुलं झाली, केक झाला. मागच्या ओळीतले सगळे टेबलक्लॉथकडे बघत होते. तिच्या खुर्चीसाठी जाहिरात निघाली तेव्हा योआरनं अर्ज केला नाही. त्यानं काल्मार सोडलं. नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला एका माशांच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायच्या कामाला लागला, असं इंगेमारकडून कळलं. पहिल्या नाताळात त्याचा फोन आला. तिकडे दिवसभर अंधार असतो आणि कॉफी वाईट मिळते, म्हणाला. हॉर्न वाजवतोस का, असं दीसानं विचारलं. “यंत्रांचा आवाज पुरतो,” तो म्हणाला. दुसऱ्या नाताळात दीसानं केला. त्यानं उचलला नाही.

ती वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करायला लागली. तिथे कुणी तिला ओळखत नव्हतं. पण ओठ हॉर्नपुरता थांबला नाही. आधी सूप पिताना कोपरा उचलायला लागला, मग बोलताना. ‘प’ आणि ‘ब’ म्हणायला गेलं की हवा सुटायची. ती कमी बोलायला लागली. फोन टोर्केल घ्यायचा. आश्रमातल्या म्हाताऱ्यांना वाटायचं, ही बाई शिष्ट आहे.

“इंजेक्शन घेऊन टाक आता,” टोर्केल म्हणाला. “आता कशासाठी जपतेस?”

तिनं घेतलं. ओठ ढिला पडला. सूप सांडेनासं झालं. चेहऱ्याचा डावा अर्धा भाग जरा झोपल्यासारखा दिसायला लागला. तळघरातलं हॉर्न तिनं एकदा वर आणलं, ओठाला लावलं आणि फुंकलं. नुसती हवा आली. टोर्केल वरच्या पायरीवर उभा होता.

गेल्या मार्चमध्ये रूरिक अचानक आला. केस पिकलेले, टोपी नाही. खेळाचा दुसरा भाग येणार होता आणि त्याला एक गोष्ट समोर बसून सांगायची होती. टोर्केलनं क्रोपकाकोर केले होते, वर लिंगोन नावाच्या लाल, आंबट रानबोरांचा मुरंबा आणि साय. रूरिक आधी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होता, मग सवय झाली.

“तुझं जुनं ध्वनिमुद्रण आम्ही सुटं केलं,” तो म्हणाला. “एकेक सूर वेगळा काढला आणि कॉम्प्युटरला शिकवलं. आता मी कुठलीही सुरावट लिहिली तरी ती तुझ्या हॉर्नवर वाजते. अगदी तुझ्याच. दीसा, तुझा सूर आता कधी म्हातारा होणार नाही.”

टोर्केलनं काटा खाली ठेवला.

“करार तसाच होता, विचारायची गरज नव्हती,” रूरिक घाईनं म्हणाला, “पण मला वाटलं, आपण जाऊन सांगावं.”

“बरं केलंस,” दीसा म्हणाली. ‘ब’ जड आला.

“जुनं म्हणजे पहिलंच ना?” टोर्केलनं विचारलं. “स्टेडियममधलं नाही?”

रूरिकनं साय वाढून घेतली. “दोन्ही. पहिल्यात हळू सूर कमी होते. यंत्राला फरक कळत नाही, टोर्केल. मलाही नाही कळत, खरं सांगतो.”

“योआरला विचारलंस?”

“त्याचं नाव कशातच नाही. विचारणार काय म्हणून?”

मग दीसानं विचारलं, “ऐकवतोस?”

रूरिकनं फोन टेबलावर ठेवला. नवी सुरावट होती. राणी आता म्हातारी झाली होती, त्यानं सांगितलं, आणि फाटकापलीकडे काही नव्हतं म्हणून परत फिरली होती. हॉर्न वाजायला लागलं. ते स्वच्छ होतं, भरदार होतं, लांब जाणारं होतं. दीसा मान कलती करून ऐकत होती. सुरावट लांबत गेली, लांबतच गेली.

“श्वास कुठे घेतो?” तिनं विचारलं.

“कोण?”

“वाजवणारा.”

“त्याला घ्यावा लागत नाही,” रूरिक म्हणाला.

टोर्केल त्याला स्टेशनवर सोडून आला तेव्हा दीसा फोन हातात घेऊन खिडकीपाशी बसली होती.

“योआरला करतेयस?”

“सांगायला हवं ना त्याला.”

“आणि सांगून?”

तिनं नंबर लावला. नॉर्वेजियन बाईचा आवाज आला, हा क्रमांक वापरात नाही. तिनं पुन्हा लावला, पुन्हा तीच बाई. टोर्केलनं तिच्या हातातून फोन घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. बाहेर सामुद्रधुनीवरून वारा सुटला होता. दुसऱ्या दिवशी तिची सकाळची पाळी होती. उरलेले क्रोपकाकोर तिनं डब्यात भरले आणि दिवा मालवला.